ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटमधला नवा रीफ टँक: पाणी तयार करण्यापासून ते स्थिर ठेवण्यापर्यंत

नव्या रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळ ठेवण्याच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, पहिल्या वर्षी जे काही बिघडते, त्याचे मूळ बहुधा काचेच्या बाहेर सापडते. गच्चीवरची टाकी, मे महिन्यातला टँकर, एसीसाठी दिवसभर लावून घेतलेली खिडकी, जुलैतली दमट हवा आणि डासांसाठी होणारी धूरफवारणी या सगळ्यांचा हिशेब शेवटी टँकमधल्या पाण्यात लागतो. म्हणून दिवे, सजावट आणि उपकरणांची खरेदी बाजूला ठेवून, ठाणे किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाने रीफसाठी पाणी कसे तयार करावे, कसे तपासावे आणि कसे सांभाळावे, एवढेच येथे क्रमाने मांडले आहे. उदाहरणांत सगळीकडे २०० लिटर पाणी धरले आहे. टँक आणि संप (उपकरणे ठेवण्याची जोडटाकी) यांची बेरीज करून दगड-वाळूने व्यापलेली जागा वजा केली की आपला आकडा मिळतो. तो एकदा नीट काढून भिंतीवर लिहून ठेवावा, कारण पुढचे प्रत्येक प्रमाण त्यावरच बसवायचे आहे.

नळाचे पाणी आणि टँकरचे पाणी

नवी मुंबई महापालिकेचे पाणी मोरबे धरणातून येते, तर ठाण्याला भातसा नदीवरची योजना, स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसी अशा वेगवेगळ्या मार्गांनी पाणी मिळते. धरणाच्या पाण्यात क्षार कमी असल्याने टीडीएस मीटरवर लहान आकडा दिसतो आणि हेच पाणी थेट वापरता येईल असे वाटू लागते. परंतु टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिच्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो. त्यात सिलिकेट किती, फॉस्फेट किती, निर्जंतुकीकरणाचे क्लोरिन किती आणि इमारतीच्या जुन्या जोडण्यांमधून उतरलेले तांबे किती, हे त्याला सांगता येत नाही. माशांना सहज सोसणारे तांब्याचे प्रमाण कोळंबी, शंख आणि प्रवाळ यांचा जीव घेऊ शकते, त्यामुळे नळाचे पाणी कितीही गोड लागले तरी ते रीफसाठी वापरू नये.

दुसरी अडचण टँकरची. घोडबंदर रस्त्याच्या परिसरातील अनेक संकुलांत उन्हाळ्यात टँकर येतो, आणि त्यात बोअरवेलचे पाणी असले तर सोसायटीच्या टाकीतल्या पाण्याचा टीडीएस एका रात्रीत कित्येक पट वाढतो. आरओ मेम्ब्रेन साधारण ९५ ते ९८ टक्के क्षार अडवते; म्हणजे आत जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस १०० असेल तर बाहेर २ ते ५ येतो, पण तोच ८०० झाला तर बाहेर १६ ते ४० येतो आणि पुढच्या डीआय रेझिनवर (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांवर) त्याचा सगळा भार पडून ते भराभर संपते. महिनोन्महिने पुरणारे रेझिन मे महिन्यात अचानक संपले, तर फिल्टरला दोष देण्याआधी वॉचमनकडे टँकरची चौकशी करावी.

स्वयंपाकघरातला पिण्याचा आरओ येथे उपयोगाचा नाही. चवीसाठी त्यात थोडे न गाळलेले पाणी किंवा खनिजे मिसळलेली असतात आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस मुद्दाम शून्याच्या बराच वर ठेवलेला असतो. रीफसाठी सेडिमेंट, कार्बन, मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन अशा क्रमाचे स्वतंत्र युनिट घ्यावे (त्यातून निघणारे ते आरओडीआय पाणी) आणि रेझिननंतरचा टीडीएस शून्य येत नसेल तर ते पाणी वापरू नये. कार्बनचे कार्ट्रिज वेळेवर बदलण्यात चालढकल करू नये, कारण त्यातून सुटलेले क्लोरिन महागडे मेम्ब्रेन खराब करते. वरच्या मजल्यांवर आणखी एक गोष्ट पाहावी लागते: दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब जेमतेम १४ पीएसआय भरतो, आणि गच्चीची टाकी डोक्यावरच असेल तर नळाला तेवढाही मिळत नाही, तर मेम्ब्रेनला साधारण ५० ते ६० पीएसआय लागतात. अशा घरात बूस्टर पंप न लावता युनिट चालवले तर शुद्ध पाणी थेंबथेंब येते, वाया जाणारे पाणी वाढते आणि टीडीएसही खाली येत नाही. वाया जाणारे पाणी बादलीत धरून फरशी पुसायला किंवा फ्लशला वापरावे.

मीठ आणि क्षारता

खाडी घराजवळ आहे, मग तिचेच पाणी का आणू नये, हा प्रश्न ठाण्यात आणि वाशीत हमखास विचारला जातो. ठाणे खाडीत शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी मिसळते, गाळ जबर असतो आणि पावसाळ्यात क्षारता कोसळते. फ्लेमिंगोंना ती मानवते, प्रवाळांना मानवणार नाही. मिठागरातले जाडे मीठ वापरावे का, हा त्याचाच भाऊ असलेला प्रश्न. समुद्राचे पाणी आटत जाते तेव्हा आधी कॅल्शियमचे क्षार, म्हणजे चुना आणि जिप्सम, तळाशी बसतात, मग साधे मीठ जमते, आणि मॅग्नेशियमचा मोठा भाग मीठ काढून घेतल्यावर उरलेल्या कडू पाण्यात राहतो. मिठागराचे मीठ पाण्यात विरघळवले तरी समुद्राचे पाणी परत मिळत नाही, ते याच कारणाने. त्यामुळे रीफसाठी तयार मिळणारे कृत्रिम सागरी मीठच घ्यावे, आणि पहिले वर्षभर कंपनी बदलू नये.

मिसळताना आधी अन्नयोग्य प्लास्टिकच्या पिंपात आरओडीआय पाणी भरावे, त्यात छोटा पंप सोडावा आणि मग मीठ थोडे थोडे घालावे. कोरड्या मिठावर पाणी ओतले तर तळाशी घट्ट द्रावण होऊन कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येतात आणि पांढरा साका बसतो, जो नंतर विरघळत नाही. २० लिटरला कंपनीनुसार साधारण ७२० ते ७६० ग्रॅम मीठ लागते. लक्ष्य ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास, एवढे ठेवावे. मिठाची पिशवी एकदा उघडली की आपल्याकडच्या हवेत ती ओल धरते, मग वजनावर विश्वास ठेवता येत नाही. झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि शेवटचा कौल क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचा घ्यावा.

रिफ्रॅक्टोमीटर मात्र शून्यावर जुळवून थांबू नये. शुद्ध पाण्याला अचूक शून्य दाखवणारे स्वस्त उपकरण ३५ च्या जागी ३३ किंवा ३७ दाखवू शकते, म्हणून ३५ पीपीटीचे प्रमाणित द्रावण विकत घेऊन त्यावरच ते जुळवावे. काचेवर दोन-तीन थेंब टाकावेत, झाकणाखाली बुडबुडा राहिला नाही हे पाहावे, अर्धा मिनिट थांबून थेंबांचे तापमान उपकरणाएवढे होऊ द्यावे आणि मगच उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्या सीमेवरचा आकडा वाचावा. एसीच्या खोलीतून उचलून लगेच बाल्कनीत वाचलेल्या आकड्यावर विसंबू नये.

सायकलिंग: नवसागराचा योग्य वापर

टँक खाऱ्या पाण्याने भरला, दगड-वाळू मांडली, पंप सुरू केले की जीवाणूंची वस्ती तयार होण्याची वाट पाहावी लागते; यालाच सायकलिंग म्हणतात. एका गटाचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि दोन्ही गट दगडांच्या छिद्रांत पुरेसे वाढेपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे जातात. बाटलीतले जीवाणू घातल्यास हा काळ कमी होतो. त्यांना वाढण्यासाठी अमोनिया लागतो. तो देण्यासाठी मासा बळी देण्याची जुनी रीत आता सोडून द्यावी. अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर, २०० लिटरला सव्वा ग्रॅम घातला की अमोनिया सुमारे २ पीपीएम (दशलक्ष भागांत २ भाग) होतो. तो प्रयोगशाळेच्या दर्जाचाच घ्यावा. कल्हईसाठी विकल्या जाणाऱ्या नवसागरात काय काय मिसळलेले असेल याची खात्री देता येत नाही.

या काळात दिवे बंद ठेवावेत, म्हणजे शेवाळाला आयती संधी मिळत नाही. दर दोन-तीन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट तपासावे. नायट्रेट मोजण्याची घाई करू नये, कारण पाण्यात नायट्राइट असताना बहुतेक किट नायट्रेटचा आकडा फुगवून दाखवतात आणि नवखा माणूस विनाकारण घाबरतो. पुन्हा २ पीपीएम अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, म्हणजे वस्ती तयार झाली. त्यानंतर निम्मे पाणी बदलून साठलेले नायट्रेट खाली आणावे आणि एक किंवा दोन छोटे मासे सोडावेत. पुढची भर किमान दोन आठवड्यांनी घालावी. सागरी पाण्याचा पीएच आठच्या वर असतो, आणि पीएच व तापमान जितके जास्त तितका त्याच अमोनियाचा विषारी अंश वाढतो, त्यामुळे गोड्या पाण्यात खपून गेलेली घाई येथे खपत नाही.

सायकल संपल्यावर दोन-तीन महिने टँक कुरूप दिसतो. प्रथम दगडांवर तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळ) चढतात, मग लालसर शेवाळासारखे सायनोबॅक्टेरिया, मग हिरवी लव. डायटम सिलिकेटवर जगतात. रेझिननंतरचा टीडीएस शून्य असेल तर ते आपोआप ओसरतात. शेवाळनाशक रसायन या टप्प्यावर घालणे म्हणजे नुकत्याच बसलेल्या जीवाणूंना उठवणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

अल्कलिनिटी, म्हणजे केएच

एकच चाचणी नियमित करायची असेल तर ती केएचची, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या साठ्याची, करावी. नैसर्गिक समुद्रात केएच सुमारे ७ अंश असतो; घरच्या टँकमध्ये तो ८ ते ९ च्या दरम्यान कुठेही ठेवला तरी चालतो, मात्र एकदा ठरवलेला आकडा आठवडाभर अर्ध्या अंशाहून जास्त हलू देऊ नये. प्रवाळाला ८.१ आणि ८.८ दोन्ही मानवतात, सोमवारी ८.१ आणि मंगळवारी ९.५ मानवत नाही.

चाचणी करताना घाई नको. सिरिंजने टँकचे पाणी अचूक मापात काचेच्या कुपीत घ्यावे, सूचकाचे थेंब टाकले की ते निळसर-हिरवे होते, मग दुसऱ्या सिरिंजमधून द्रावण एकेक थेंब सोडत कुपी हलवत राहावे. शेवटाजवळ थेंब पडताच गुलाबी ठिपका उमटतो आणि हलवताच विरतो. पूर्ण कुपी गुलाबी-नारिंगी होऊन तशीच राहिली की थांबावे. मागे पांढरा कागद धरावा आणि रंग खिडकीच्या उजेडात पाहावा. टँकच्या निळ्या एलईडीखाली ही छटा ओळखता येत नाही. किटच्या बाटल्या आपल्याकडच्या उन्हाळ्यात तापलेल्या कपाटात ठेवू नयेत आणि मुदत उलटलेल्या किटच्या आकड्यावर उपाय करू नये.

केएच खरोखरच कमी आला असेल तर खाण्याचा सोडा पुरतो. १०० लिटर पाण्याचा केएच १ ने वाढवायला ३ ग्रॅम सोडा लागतो, म्हणजे आपल्या २०० लिटरला ६ ग्रॅम. तो अर्धा लिटर आरओडीआय पाण्यात पूर्ण विरघळवून, जिथे प्रवाह जोरात आहे तिथे हळूहळू सोडावा, आणि एका दिवसात १ पेक्षा जास्त वाढ करू नये. डब्यावर बेकिंग पावडर लिहिले असेल तर ते परत कपाटात ठेवावे, त्यात स्टार्च आणि आम्लजनक घटक असतात. धुण्याचा सोडा हा सोडियम कार्बोनेट असून तो पीएच झपाट्याने वर नेतो, त्यामुळे नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

सांगाडा बांधताना प्रवाळ केएच आणि कॅल्शियम ठरावीक प्रमाणात उचलतात: १ केएचमागे सुमारे ७ पीपीएम कॅल्शियम. म्हणून केएच घटत असताना कॅल्शियम जागचे हलत नाही असे दिसले, तर घाबरू नये, एवढा छोटा फरक बहुतेक किटला दिसत नाही. कॅल्शियम ४०० ते ४५० आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम ठेवावे. नव्या टँकमध्ये मऊ प्रवाळच असताना हे दोन्ही महिन्यातून एकदा पाहिले तरी पुरते, कारण दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलले की त्यांची भरपाई होऊन जाते.

पीएचच्या मागे लागू नये. एसीच्या बंद खोलीत चार माणसे झोपली की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो पाण्यात उतरतो आणि पहाटे पीएच ७.८ च्या खाली जाऊ शकतो. खात्री करायची असेल तर टँकचे पाणी एका भांड्यात घेऊन बाल्कनीत एअर पंपाने तासभर हवा द्यावी. पीएच चढला तर दोष खोलीतल्या हवेचा आहे. मग रोज थोडा वेळ खिडकी उघडावी किंवा स्किमरची (बुडबुड्यांच्या फेसातून घाण बाहेर काढणाऱ्या उपकरणाची) हवेची नळी खिडकीबाहेर काढावी. पीएच वाढवणारी बाटली विकत आणली तर दोन दिवसांत केएच नको तितका वर गेलेला दिसेल.

नायट्रेट आणि फॉस्फेट

नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम ठेवावे. दोन्ही शून्य करण्याचा हट्ट नव्या टँकला महागात पडतो, कारण अन्न संपलेल्या पाण्यात प्रवाळ फिके पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट नावाचा चिकट, बुडबुड्यांचा तपकिरी थर डोके वर काढतो, जो घालवणे शेवाळापेक्षा अवघड आहे. काही डिजिटल तपासक फॉस्फेटऐवजी फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्ज भागांत किती भाग) दाखवतात. त्या आकड्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागावे, म्हणजे ३० पीपीबी फॉस्फरस म्हणजे ०.०९ पीपीएम फॉस्फेट. कोरडे दगड महिनोन्महिने फॉस्फेट सोडू शकतात, त्यामुळे मासे मोजकेच असूनही आकडा उतरत नसेल तर खाण्याचे प्रमाण कमी करत बसण्यापेक्षा फॉस्फेट शोषणारे माध्यम थोड्या मात्रेत लावावे.

पाणी बदलण्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. नायट्रेट ४० असताना दर आठवड्याला १० टक्के पाणी चार वेळा बदलले तर, नवी भर अजिबात पडली नाही असे धरूनही, आकडा २६ पर्यंतच येतो. स्किमर, संपमधले मॅक्रोअल्गी (मोठे शेवाळ) आणि खाणे घालताना आखडता हात ही खरी साधने.

उष्मा, दमटपणा आणि आटणारे पाणी

तापमान २५ ते २६ अंश ठेवायचे असते आणि एप्रिल-मेमध्ये घरातली हवाच त्याहून बरीच तापलेली असते. पाण्यावर पंखा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण हा उपाय कोरड्या हवेत चालतो; जुलैत हवा ओलीचिंब असताना पंखा फिरत राहतो आणि पाणी थंड होत नाही. प्रवाळ ठेवायचेच असतील तर चिलरचा, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा, खर्च सुरुवातीच्या हिशेबात धरावा, आणि त्याची गरम हवा खोलीत न सोडता बाहेर जाईल अशी जागा निवडावी. जानेवारीच्या रात्रींसाठी छोटा हीटर पुरे.

आटते ते फक्त पाणी, मीठ मागे राहते. रोज ४ लिटर आटत असतील आणि तीन दिवस कोणी भर घातली नाही, तर ३५ पीपीटीचे ३७.२ होते. म्हणून भर नेहमी आरओडीआय पाण्याचीच घालावी, खाऱ्या पाण्याची नव्हे. ऑटो टॉप-ऑफ (आटलेल्या पाण्याची भर आपोआप घालणारी यंत्रणा) लावल्यास त्याची टाकी मुद्दाम लहान ठेवावी. पातळी ओळखणारा फ्लोट अडकून २० लिटर एकदम आत गेले तर क्षारता ३१.८ वर येते, ५ लिटर गेले तर ३४.१ वर, आणि दुसऱ्या घोटाळ्यातून टँक सावरतो. गावी जाताना शेजाऱ्यांना पाणी घालायला सांगायचे असेल तर मापाची बाटली आणि काचेवरची खूण दाखवून ठेवावी, अंदाजावर सोडू नये.

पहिला प्रवाळ

रीफ बांधणाऱ्या कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. किनाऱ्यावरून जिवंत दगड (समुद्री जीव वसलेले दगड) किंवा प्रवाळ उचलून आणणे हा गुन्हा ठरतो, आणि परदेशातून आलेला म्हणून विकल्या जाणाऱ्या नगाचीही कागदपत्रे मागावीत. टँक कोरड्या दगडांवर उभा करणे हा त्यामुळे पाण्याच्या आणि कायद्याच्या अशा दोन्ही दृष्टींनी सरळ मार्ग आहे. केएच आणि क्षारता सलग महिनाभर जागेवर राहिल्यावर मशरूम, झोआन्थिड किंवा लेदर कोरल यांसारख्या मऊ प्रवाळांपासून सुरुवात करावी. लेदर कोरल पाण्यात रसायने सोडतो, म्हणून ॲक्टिव्हेटेड कार्बन लावून ठेवावा. काही झोआन्थिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते. हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावा आणि असा दगड स्वच्छ करण्यासाठी कधीही उकळत्या पाण्यात टाकू नये, कारण वाफेतून ते श्वासात जाते.

धूर आणि वीज

पावसाळ्यात डेंग्यूच्या दिवसांत इमारतीभोवती होणाऱ्या धूरफवारणीत आणि घरातल्या पेस्ट कंट्रोलमध्ये वापरली जाणारी पायरेथ्रॉइड कीटकनाशके मासे आणि कोळंबी यांना अत्यंत घातक असतात. फवारणीची गाडी ऐकू आली की खिडक्या लावाव्यात, स्किमर आणि एअर पंप बंद करावेत, कारण तेच खोलीतली हवा पाण्यात ढकलतात, टँकवर प्लास्टिक टाकावे, आत पाणी फिरवणारा पंप मात्र चालू ठेवावा. धूर विरल्यावर खोली मोकळी करून ताजा कार्बन लावावा. डासांची उदबत्ती आणि स्प्रे त्या खोलीत नकोतच. स्किमरची नळी खिडकीबाहेर काढलेली असेल तर ती आधी आठवावी.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिड कोसळून मुंबईसह ठाणे-नवी मुंबईची वीज कित्येक तास गेली होती. अशा वेळी तापमानाआधी प्राणवायू संपतो, कारण कोमट खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी मुरतो. विजेवर चार्ज होऊन बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप टँकपाशी कायम जोडलेला असावा. घरच्या इन्व्हर्टरवर फक्त पाणी फिरवणारा पंप घ्यावा, चिलर नव्हे. वीज येईपर्यंत खाणे घालू नये. वीज परतल्यावर आधी संपची पातळी आणि स्किमरचा प्याला पाहावा, मग टॉप-ऑफचा फ्लोट. बंद डब्यासारखा कॅनिस्टर फिल्टर बराच वेळ थांबलेला असेल तर तो थेट सुरू करू नये. उघडून आतले पाणी ओतून द्यावे, माध्यम खाऱ्या पाण्यात धुवावे आणि मगच परत जोडावा.